मेढीची जागा

"ओ मांडववाले, पहार जरा जपून. माझे झेंडे वाकवाल."

मी टेम्पोतनं वासे उतरवत होतो. मान वळवून बघितलं तर नऊवारीतली एक ठेंगणी बाई, पदर कमरेला खोचलेला, हातात तांब्या. माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी लगीन मोडायलाच आलोय.

फाटकापासनं घराच्या पायरीपर्यंत फरशीची वाट होती. वाटेच्या दोन्ही अंगाला मातीत बारके बारके झेंडे रोवलेले. वीतभर तार, तिच्या टोकाला प्लास्टिकचा तुकडा. एक पिवळा, एक लाल, परत पिवळा, परत लाल. दोरी धरून लावल्यासारखे सरळ. दिसायला झ्याक दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

"तुमी लावले व्हय?"

"मग कोण लावणार? पोरीनं सकाळी नुसते टोचून ठेवले होते अंगणात. एक इथं, दुसरा तिकडं. रांग म्हणावी तर वाकडी, पुढं जाऊन परत वळलेली. म्हणलं, एवढी शिकली पण हिच्या हाताला रांगोळीचं वळण काय आलं नाही. उपटले सगळे आन् नीट लावले. हळद-कुंकू, हळद-कुंकू. सोयरे येणारेत, त्यांना दिसू दे."

"आन् ते निळे?"

तुळशीच्या कुंडीत पाच-सहा निळे झेंडे गुच्छ करून खोवले होते.

"उरले ते. टाकून कशाला द्यायचे?"

ही गोदाआत्या. नवरीची आत्या. सकाळच्या एस्टीनं मंचरवरनं आली होती आन् आल्या आल्या घर ताब्यात घेतलं होतं.

लई वर्षं झाली ह्याला. निगडीला प्राधिकरणात तवा बैठी घरं होती, पुढं चांगलं मोठं अंगण. नळानं गॅस घरात यायला नुकती सुरुवात झाली होती. रासकरांचं घर असंच. हरिभाऊ रासकर एस्टीच्या वर्कशॉपातनं रिटायर झालेले. एकुलती पोरगी, वैजयंता. कार्यालय नको, लगीन दारातच करायचं असं हरिभाऊंच्या मनात, म्हणून मांडवाचं काम माझ्याकडं आलं. त्या दिवशी मुहूर्तमेढ होती. मांडवाचा पहिला खांब हो, त्यालाच मेढ म्हणायचं. भटजी दिशा काढून देतो, वेळ काढून देतो, त्या जागी खड्डा घ्यायचा, पाच सवाष्णी पूजा करतात आन् खांब उभा राहतो. एकदा रोवली की मांडव सुटंस्तोवर मेढीला हलवायचं न्हाई. हलवली तर बायका वर्षभर घोकत बसतात.

भटजीनं आग्नेय कोपरा सांगितला होता, बारा वाजायच्या आत. हरिभाऊ स्कूटर घेऊन भटजीलाच आणायला गेले होते. आत्यानं कोपऱ्यात कुंकवाची चिमूट टाकून जागा पक्की करून ठेवली होती.

मी पहार घेऊन तिकडं निघालो तर नवरीची आई, इंदूताई, मागच्या दारानं आली. हाताला बेसन लागलेलं. इकडं तिकडं बघून मला भिंतीच्या आडाला घेतलं.

"पिराजीभाऊ, तुम्ही वैजूला ओळखता."

"ओळखतो की. नवरात्रात निगडीच्या चौकात माझी पहार धरून ठेवली होती तिनं. मी मांडवाला खड्डा घेत होतो, ही आली, डोक्याला टोपी, मागं चार गडी. म्हणली, मामा, इथं घेऊ नका, तिथं घ्या. आन् रस्त्यावर पांढरी फक्की ओढून दिली. गॅस कंपनीत हाय ना? जमिनीत काय कुठं हाय ते बघायचं काम."

"तेच ते," इंदूताई म्हणाल्या. "तेच आज बोलू नका. कोणी विचारलं तर वैजू ऑफिसात असते. कॉम्प्युटरवर."

"का वो?"

"नवऱ्या मुलाचे वडील येतायत. तात्या झगडे. सासवडच्या पुढचे. वऱ्हाड कुठं बसणार, पंगत कुठं पडणार, ते बघायला. हेमंतरावांना, म्हणजे जावयांना, सगळं माहीत आहे. ते म्हणाले होते, तात्यांना मी सांगतो. साखरपुडा झाला, पत्रिका छापल्या, अजून सांगितलंच नाही." त्यांनी हाताचं बेसन पदराला पुसलं. "जुन्या वळणाचा शेतकरी माणूस. सून गडीमाणसांबरोबर रस्त्यावर उभी राहते, खड्ड्यात उतरते, असं कळलं तर म्हणतील, नोकरी सोड. आणि आमची अडून बसलीय, नोकरी सोडायची तर लग्नच नको. आता मी काय करू? एकदा अक्षता पडू देत. मग त्यांचं ते बघून घेतील."

"मी कशाला बोलतोय," मी म्हणलं. "माझं काम भोकं पाडायचं."

तेवढ्यात फाटक वाजलं.

तात्या झगडे एकटाच आला होता. उंच, वाळका, धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. त्या झेंड्यांच्या मधनं चालत आला. आत्या पायरीवर आरतीचं ताट घेऊन उभी असल्यासारखी फुलून उभी. ह्या माणसानं झेंडे बघितले आन् पुढं आला. त्याची नजर सारखी खाली. माणसाशी बोलताना बी माणसाच्या पायाकडं बघायचा. म्हणलं, लाजाळू दिसतोय.

"बसा तात्या, चहा ठेवते," इंदूताई म्हणाल्या.

"असू द्या बाई, घाई न्हाय," असं म्हणून तो ओट्यावर खुर्चीत टेकला. चपला काढून पायरीखाली नीट लावल्या आन् अंगणाकडं बघत बसला.

मी कोपऱ्यात गेलो. कुंकवाच्या जागेवर पाणी शिंपडलं, माती मऊ व्हायला. पाय फाकवून उभा राहिलो. पहार दोन्ही हातांनी वर घेतली.

"मामा, पहार खाली ठेवा. हळू ठेवा."

आवाज मोठा नव्हता. पण चौकातला तोच आवाज. मी पहार हळूच मातीवर आडवी ठेवली आन् मंग मागं बघितलं.

वैजयंता फाटकात गाडी उभी करत होती. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, पायात जाड बूट, त्यावर सुकलेला चिखल. हेल्मेट काढलं तर केस घामानं कपाळाला चिकटलेले. ती माझ्याकडं बघत नव्हतीच. वाटेवरच्या झेंड्यांकडं बघत होती. एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत.

"माझे झेंडे कुणी हलवले?"

"मी," आत्या म्हणाली. "आन् हलवले काय म्हणतेस, लावले. बघ कशी शोभा आलीय."

पोरीनं हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलं. मला वाटलं, आता ही हसती का रडती.

इंदूताई धावत खाली आल्या. "वैजू, आत हो. तात्या आलेत." मंग ओट्याकडं तोंड करून मोठ्यांदा, "ऑफिसातनं आली हो. गाडीवर ऊन लागतं म्हणून जाकीट घालते."

तात्यानं मान हलवली. नजर बुटांवर.

"आई, सकाळी मी लाईनी बघून झेंडे लावले होते. मामांनी सगळ्या अंगणात पहार घालायच्या आधी."

"हळू बोल."

"आता एकही जागेवर नाही."

"हळू बोल म्हणते ना. जा, साडी नेस."

आता मला कुणी इचारत न्हाई, पण खड्डा माझ्या हातनं पडायचा होता. मी म्हणलं, "ताई, इथं घेऊ का नको, तेवढं सांगा."

"घेऊ नका."

"मंग कुठं घेऊ?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "सकाळी माहीत होतं."

इंदूताईंनी माझ्याकडं बघितलं. "भाऊ, तुम्ही एवढे मांडव टाकलेत. अंदाजानं घ्या की. तुळशीच्या बाजूला घ्या. भटजी येतीलच एवढ्यात."

"अंदाजानं मी वासा कापतो, इंदूताई. हे न्हाई."

"मग तुमच्या कंपनीतलं दुसरं कुणी बोलाव," त्या पोरीला म्हणाल्या. आवाज पार खाली. "एखादा मुलगा. तो येईल, बघेल, जाईल. तू आत बस."

"आज सगळी माणसं भोसरीत आहेत. संध्याकाळ होईल."

दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. पोरगी एकदा ओट्याकडं बघायची, एकदा कुंकवाच्या चिमटीकडं. मी आपला तंबाखू मळायला घेतला. अशा वेळी मधल्या माणसाला हाताला काय तरी काम लागतं.

"आई," ती म्हणाली, "लग्नाला चारशे माणूस येणार आहे ह्या अंगणात."

एवढंच म्हणली. गाडीला बांधलेली लांब पेटी सोडली. इंदूताई पायरीवर बसल्या त्या बसल्याच.

पेटीतनं एक दांडा निघाला, कमरेएवढा, वर मूठ, मुठीजवळ बारका पडदा. दुसरा एक डबा तिनं मीटरपाशी लावला, त्याची वायर चिमट्यानं कशाला तरी जोडली. मंग दांडा हातात धरून अंगणात चालायला लागली. आता चालणं म्हंजे कसं सांगू. बैल पाणी पिऊन परततो तसं. सावकाश. दांडा डावीकडं झुलवायचा, उजवीकडं झुलवायचा, थांबायचं, एक पाऊल मागं यायचं. दांड्यातनं बारीक किणकिण यायची. मधेच किणकिण वाढायची, की ही खाली वाकायची.

"आत्या, लाल झेंडा द्या."

"उपटू?" आत्याचा चेहरा पडला. "अगं, कुंकू उपटायचं? आज?"

"आत्या, लाल कुंकू नाही. लाल म्हणजे लाईट. पिवळा म्हणजे गॅस."

"आन् निळा?"

"निळा म्हणजे पाणी."

"मग तो मी बरोबर लावलाय की," आत्या म्हणाली. "तुळशीला पाणी लागतंच."

माझ्या तोंडातला तंबाखू उडाला. पोरगी बी हसली, पण हात थांबला न्हाई. आत्या एकेक झेंडा उपटून देत गेली, अंगावरचे दागिने काढून द्यावे लागलेल्या सुनेसारखं तोंड करून. लाल रांग मीटरपासनं निघाली. फरशी ओलांडली. घराच्या कोपऱ्याला जाईल असं वाटलं, तर मधेच वळली आन् आग्नेय कोपऱ्याकडं आली. एक झेंडा, दुसरा झेंडा. तिसरा तिनं कुंकवाच्या चिमटीत रोवला. बरोब्बर मधोमध.

मी माझ्या पहारेकडं बघितलं. लोखंडी पहार, खाली ओली माती, मीच पाणी शिंपडलेलं. पहार उचलून भिंतीला टेकवली आन् हात धोतराला पुसले.

"मामा, नीट बघून ठेवा," ती मला म्हणाली. "झेंडा आहे तिथंच लाईन, असं समजायचं नाही. झेंड्याच्या दोन्ही बाजूला हातभर जागा सोडायची. त्या हातभरात पहार नाही, कुदळ नाही. उकरायचंच असेल तर खुरप्यानं, वरची माती काढत काढत."

"आन् जिथं झेंडा न्हाई?"

"तिथंही आधी मला विचारायचं."

पिवळी रांग लागली. ती फाटकाकडनं वाटेच्या कडेनं आली, कोपऱ्यात वळली आन् तिथनं मागं स्वयंपाकघराकडं गेली. निळी कोपऱ्यातनं आडवी. म्हंजे भटजीच्या त्या आग्नेय कोपऱ्यात तिन्ही येऊन बसल्या होत्या, एस्टी स्टँडावर येऊन थांबतात तशा.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, ओट्यावरची खुर्ची रिकामी हाय.

तात्या खाली उतरला होता. अनवाणी. पोरीच्या मागं चारेक पावलांवर चालत होता. ती थांबली की हा थांबायचा. ती वाकली की हा बी जमिनीकडं वाकून बघायचा. इंदूताईंनी पदर तोंडाला लावला होता. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "आता बोलणार बघा. आता मोडणार."

"पोरी," तात्या म्हणाला.

वैजयंता वळली. दांडा हातातच.

"त्यात काय ऐकू येतं?"

"तारेचा आवाज येतो, तात्या. वायरीतनं करंट जातो त्याचा. गॅसचा पाइप प्लास्टिकचा असतो, त्याचा आवाज येत नाही. म्हणून पाइप टाकतानाच त्याच्याबरोबर तार टाकून ठेवतात. डब्यातनं त्या तारेत आवाज सोडायचा आणि वरनं ऐकायचा."

"किती खोल, ते बी कळतं?"

"पडद्यावर दिसतं. पण मी त्यावर सोडत नाही. उकरून डोळ्यानं बघितल्याशिवाय सही करत नाही."

"सही तू करती?"

आता ऑफिस-कॉम्प्युटर सगळंच निघालं होतं. पोरीनं आईकडं बघितलं न्हाई. "हो. मी सही केल्याशिवाय गडी पहार उचलत नाहीत."

"गडी ऐकत्यात?"

"पहिल्या दिवशी ऐकत नाहीत."

तात्या "हं" म्हणाला. बरं का वाईट, काय कळायला मार्ग न्हाई. त्या "हं"वर इंदूताईंचा जीव टांगलेला मला दिसत होता.

पोरीनं कोपरा परत एकदा चालून बघितला आन् बुटाची टाच एका जागी दाबली. लाल, निळी, पिवळी, तिन्हीपासनं लांब. "मामा, इथं. ही जागा मोकळी आहे. आग्नेयच आहे ना आत्या?"

"आग्नेयच म्हणायची," आत्या म्हणाली.

मी खुरपं घेऊन पुढं झालो.

"तिथं नको," तात्या म्हणाला.

आम्ही सगळे थांबलो.

"का, तात्या?" पोरगी म्हणाली.

"तिथं पाणी हाय. मेढ ठरायची न्हाय. चार दिसात लवंल."

"पाण्याची लाईन ती तिकडं आहे. निळे झेंडे बघा. इथनं चांगली लांब आहे."

"लाईन आसंल तिकडं. पाणी हितं हाय."

पोरीनं दांडा परत झुलवला. किणकिण न्हाई. "इथं काही नाही, तात्या. मी खात्रीनं सांगते."

तात्यानं जरा वेळ खाली बघितलं. मंग रस्त्याकडं बघितलं, कुणी येतंय का, असं. लहान पोरगं गूळ उचलायच्या आधी बघतं ना, तसं. आन् ओट्यावर जाऊन पूजेच्या ताटातला नारळ उचलला.

"अहो, तो मेढीचा नारळ," आत्या म्हणाली.

"लगीच देतो."

त्यानं नारळाची शेंडी पुढं केली, तळहातावर आडवा ठेवला, कोपर अंगाला लावलं आन् चालायला लागला. आता खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला तो नारळानं न्हाई. चालीनं. तीच चाल. सावकाश, थांबत, एक पाऊल मागं येत. मघाशी पोरगी चालत होती, तीच. पोरगी दांडा धरून बघत राहिली. तात्या कोपरा वळला, निळ्या झेंड्यावरनं गेला, पुढं आला, आन् तिच्या टाचेच्या खुणेपाशी आला तसा तळहातावरचा नारळ हलला, फिरला, आन् उभा राहिला.

"पाणाड्या हो," मी आत्याला म्हणलं. "विहिरीची जागा बघणारा."

"हे शेतकरी आहेत ना?" पायरीवरनं इंदूताई म्हणाल्या.

"उकरा," तात्या मला म्हणाला.

मी खुरप्यानं वरची माती काढली. वीतभर कोरडीच. पोरीच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं होतं, तात्याच्या चेहऱ्यावर काहीच न्हाई. अजून थोडं गेलो. माती खुरप्याला चिकटायला लागली. अजून चार बोटं, आन् खड्ड्याच्या तळाला पाणी चमकलं. लाडवात तूप सुटतं तसं हळूहळू वर आलं.

पोरगी गुडघ्यावर बसली, जाकिटासकट. पाण्यात बोट घातलं, वास घेतला. "गटाराचा वास नाही. नळाचंच." निळ्या झेंड्याकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं. "तिकडचा जोड गळत असणार. उतार इकडं आहे, म्हणून पाणी इथं येऊन साठलं. मशिन पाइप सांगतं. पाण्याचं नाही सांगत." आन् मान वर करून म्हणली, "तात्या, तुम्हाला कसं कळलं?"

तात्या तिच्याशेजारी उकिडवा बसला. मी खड्ड्यापाशीच होतो म्हणून मला ऐकू आलं, न्हाई तर ते बोलणं फक्त त्या दोघांचंच होतं.

"गवत बघ," तो म्हणाला. "सगळ्या अंगणात वाळलंय. हितं हिरवं हाय, आन् मुंग्यांचं वारूळ तिकडं सरकलंय. ओट्यावर बसल्या बसल्या दिसत हुतं."

"मग नारळ?"

"नारळ लोकांसाठी. गवत बघून सांगितलं तर कुणी कुदळ उचलत न्हाय."

पोरगी हसायला लागली. अशी हसली की खड्ड्यात हात टेकावा लागला. तात्याची मिशी बी हलली.

"तुझं मशिन बी लोकांसाठीच का?" त्यानं इचारलं.

"नाही हो, ते खरं सांगतं. पण झेंडे लोकांसाठी."

"ते दिसलंच," तो आत्याकडं बघून म्हणाला.

हरिभाऊ भटजीला घेऊन आले तवा त्यांच्या अंगणात हे असं चाललं होतं. नवरी चिखलात, व्याही चिखलात, मी खड्ड्यापाशी, त्यांची बायको पायरीवर, त्यांची बहीण हातात झेंड्यांचा गुच्छ घेऊन उभी. हरिभाऊंनी स्कूटर बंद केली आन् काय इचारायचं तेच न सुचून मला म्हणाले, "पिराजी, चहा झाला का?"

भटजी घड्याळ दाखवायला लागला. मंग पोरीनं आन् तात्यानं मिळून तिसरी जागा काढली. पोरीनं दांडा फिरवून सांगितलं, खाली काय न्हाई. तात्यानं माती चिमटीत घेऊन चुरडून सांगितलं, कोरडी हाय, धरंल. भटजीनं सांगितलं, आग्नेय हाय, जराशी ओढून-ताणून. मी खुरप्यानंच हातभर खड्डा घेतला. शेजारच्या बायका आल्या. पोरीनं बूट काढले, जाकिटावरच पदरासारखी ओढणी घेतली आन् मेढीला हळदकुंकू लावलं, ते बी चिखलाच्या बोटांनी. आत्यानं नारळ परत मागून घेतला. मेढ उभी राहिली. बारा वाजायला थोडं होतं.

मी माती दाबत होतो तवा इंदूताई चहा घेऊन आल्या. कपबशी तात्यासमोर ठेवली पण हलल्या न्हाईत.

"तात्या, एक बोलायचंय."

"बोला बाई."

"आम्ही तुम्हाला ऑफिस सांगितलं होतं. कॉम्प्युटर सांगितला होता. ते खरं नाही. ती हेच करते. रोज. उन्हात, रस्त्यावर." थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तर..."

"आई," पोरगी म्हणाली.

"मला बोलू दे. तुम्ही काय म्हणाल ते आत्ताच म्हणा. मांडव अजून पडायचाय. मेढच फक्त उभी आहे."

हरिभाऊ खाली बघायला लागले. पोरगी दांडा पेटीत ठेवत होती, तिचा हात तिथंच राहिला. मी बी माती दाबायचं थांबवलं.

तात्यानं बशीत चहा ओतला. फुंकला. अर्धा प्यायला.

"आमी तुमाला काय सांगितलं हुतं?" तो म्हणाला.

"शेतकरी."

"शेती हाय. दीड एकर. त्यात काय पिकतं ते मला ठावं. घर नारळावर चाललं. आमच्या हेमंतचं कॉलेज नारळावर झालं." त्यानं उरलेला चहा संपवला. "तो मला काय म्हणला ठावं हाय का? म्हणला, तात्या, ती शहरातली शिकलेली माणसं. तिथं गेल्यावर नारळाचं नाव काढू नका, हसतील. तुमी नुसते शेतकरी. मी म्हणलं बरं. सकाळी निघताना बी बजावलं, पिशवीत नारळ घेऊ नका."

आत्यानं तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे जावई आम्हाला म्हणायचे, मी सांगतो, आणि तुम्हाला म्हणायचे, सांगू नका," हरिभाऊ म्हणाले.

"त्यानं कुणालाच काय सांगितलं न्हाय," तात्या म्हणाला. "आईवर गेलाय."

इंदूताईंना हसावं का रडावं कळंना. शेवटी विचारायचं ते विचारलंच. "मग हिची नोकरी?"

"तिची नोकरी म्हंजे काय? मी सोडली का माझी?"

एवढं बोलून कपबशी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठला आन् सरळ पेटीकडं गेला. पोरीनं दांडा परत बाहेर काढला. त्याच्या हातात दिला. मूठ कशी धरायची ते दाखवलं. तो अंगणात निघाला, ती त्याच्या बाजूनं. किणकिण सुरू झाली. "आता काय लागलं?" "आता लाईट." "आन् हे?" "हे काही नाही, हे माझ्या बुटातलं लोखंड." त्यानं तिला लांब उभं केलं.

मला बाकीचे खांब रोवायचे होते. खुरपं घेऊन मी त्यांच्या मागं. दोघं सांगतील तिथं खुरप्यानं उकरायचं. हिनं म्हणायचं, इथं घ्या, त्यानं म्हणायचं, थांबा, माती बघू द्या. माझ्या उभ्या जन्मात एवढा सावकाश मांडव मी टाकला न्हाई. पण कंटाळा काय आला न्हाई.

आतनं बायकांचा गलका वाढला. ताटं मांडून झाली होती, नवरीला न्हाऊ घालायचं होतं. इंदूताई ओट्यावर आल्या.

"तात्या, हिला आत तरी पाठवा आता. किती उशीर झालाय."

तात्यानं दांड्यावरनं नजर काढली न्हाई.

"थांबा जरा विहीणबाई," तो म्हणाला. "अजून एक कोपरा राहिलाय."